पहिले क्रेडिट कार्ड निवडताना विद्यार्थ्याने नेमके काय तपासावे?

दुसरे_वर्ष

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहिले क्रेडिट कार्ड घेण्याचा विचार करत आहे. शिष्यवृत्तीची रक्कम वर्षातून दोनदा जमा होते आणि संध्याकाळच्या शिकवण्यांतून दरमहा थोडी मिळकत होते. पण परीक्षेच्या आणि सुट्टीच्या दिवसांत शिकवण्या बंद असल्यामुळे वर्षातले निदान तीन महिने हातात फारसे काही येत नाही. आजवरचे माझे सर्व व्यवहार डेबिट कार्डाने किंवा रोखीने झाले आहेत आणि कोणाचेही देणे माझ्यावर नाही.

कार्ड हवे असण्याची कारणे दोन आहेत. परीक्षा शुल्क आणि पुस्तके यांचा खर्च शिष्यवृत्ती जमा होण्याच्या तीन-चार आठवडे आधी येतो आणि दर वेळी मला घरी पैसे मागावे लागतात, हे पहिले कारण. दुसरे असे की पदव्युत्तर शिक्षणासाठी पुढे कर्ज लागेल असे दिसते, आणि ज्याच्या नावावर आजवर कसलीच उधारी नाही त्याच्याविषयी कर्ज देणाऱ्याला काही अंदाज बांधता येत नाही, असे मला सांगण्यात आले आहे. हे कितपत खरे आहे?

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड, ज्याची मर्यादा ठेवीच्या रकमेपेक्षा थोडी कमी असते, वार्षिक शुल्क नसते आणि सवलतीही जवळजवळ नसतात. दुसरा म्हणजे खास विद्यार्थ्यांसाठी म्हणून जाहिरात होणारे कार्ड, ज्यावर प्रत्येक खरेदीला २ टक्के कॅशबॅक आहे, पहिल्या वर्षी शुल्क माफ आहे आणि दुसऱ्या वर्षापासून शुल्क सुरू होते. तिसरा म्हणजे बाबांच्या कार्डावर माझ्या नावाने पुरवणी कार्ड. मैत्रिणींचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, बाबांचा तिसऱ्याकडे. प्रत्येक माहितीपत्रकात फायदे मोठ्या अक्षरांत छापलेले आहेत, पण आपण विचारायचे प्रश्न कोणते हेच मला उमगत नाही. ज्यांनी हा निर्णय विचारपूर्वक घेतला आहे, त्यांनी कोणत्या गोष्टी तपासल्या हे कृपया सांगावे.

बिलिंग_विभाग

कार्डांच्या बिलिंगचे काम मी अनेक वर्षे केले आहे, म्हणून त्याच बाजूने उत्तर देतो. तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला असे वाटते की वर्षातले तीन महिने तुमच्या हातात फारसे काही येत नाही. कार्ड निवडताना त्या तीन महिन्यांचा विचार सर्वांत आधी करा. ज्या महिन्यात बिल पूर्ण भरले जाते, त्या महिन्यात बहुतेक सर्व कार्डे सारखीच असतात. खरा फरक दिसतो तो बिल पूर्ण भरता न आलेल्या महिन्यात, आणि नेमकी तीच माहिती पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

आधी बिलाचे चक्र समजून घ्या. समजा, बिल दर महिन्याच्या १० तारखेला तयार होते आणि ते भरण्याची अंतिम तारीख त्यानंतर २० दिवसांनी, म्हणजे ३० तारखेला असते. ११ जूनला केलेली खरेदी १० जुलैच्या बिलात येईल आणि ३० जुलैपर्यंत भरता येईल, म्हणजे तुम्हाला ४९ दिवस बिनव्याजी मिळाले. हीच खरेदी ९ जूनला केली असती, तर ती दुसऱ्याच दिवशीच्या बिलात आली असती आणि ३० जूनला भरावी लागली असती. तेव्हा मिळाले असते केवळ २१ दिवस. शिष्यवृत्तीच्या तीन-चार आठवडे आधी येणारा खर्च ही तुमची अडचण आहे, त्यामुळे बिलाची तारीख कोणती असेल आणि ती बदलून मिळते का, हा प्रश्न तुमच्यासाठी कॅशबॅकच्या टक्केवारीपेक्षा मोठा आहे. शुल्क भरण्याच्या तारखा साधारण ठरलेल्या असतात; त्यांच्या आधी दोन-चार दिवस बिल तयार होईल अशी तारीख मिळाली, तर शिष्यवृत्ती जमा होईपर्यंतचा काळ बिनव्याजी निघून जाऊ शकतो.

आता या सवलतीची अट पाहा, कारण बहुतेक नवे ग्राहक येथेच चुकतात. बिनव्याजी कालावधी मिळतो तो बिलाची संपूर्ण रक्कम मुदतीत भरली तरच. थोडी रक्कम जरी मागे ठेवली, तरी अनेक करारांत व्याज केवळ उरलेल्या रकमेवर लागत नाही. ते मूळ खरेदीच्या दिवसापासून पूर्ण रकमेवर मोजले जाते. वरच्याच उदाहरणात ११ जूनची खरेदी १०,००० ची होती आणि ३० जुलैला तुम्ही ९,००० भरलेत असे धरू. वार्षिक व्याजदर ३६ टक्के असेल, तर १०,००० वर ४९ दिवसांचे व्याज सुमारे ४८३ होते. देणे राहिले १,००० आणि त्यावर पडले जवळपास निम्मे व्याज. शिवाय मागील बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. प्रत्येक खरेदीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. अमेरिकेत २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने मुदतीत भरलेल्या भागावर असे व्याज लावण्यास मनाई केली आहे, पण हा नियम सर्वत्र नाही, म्हणून कराराच्या मसुद्यात ‘व्याजाची आकारणी’ या मथळ्याखालचा मजकूर शब्दशः वाचा. तेथे बहुधा एक नमुना उदाहरणही दिलेले असते. ते उदाहरण स्वतः कागदावर सोडवून पाहा. उत्तर जुळले, तर तुम्हाला कार्ड समजले.

व्याजदर महिन्याचा सांगितला आहे की वर्षाचा, हेही पाहा. दरमहा ३.५ टक्के हा आकडा लहान वाटतो, पण बाकी तशीच पुढे जात राहिली तर चक्रवाढीने तो वर्षाला ५१ टक्क्यांच्या वर जातो. रोख रक्कम काढण्याचा विषय एका वाक्यात संपतो: क्रेडिट कार्डाने रोकड काढल्यास बहुतेक ठिकाणी बिनव्याजी एकही दिवस मिळत नाही आणि वर वेगळे शुल्क लागते, म्हणून ती सोय आहे हे विसरून जा.

राहिला कॅशबॅक. महिन्याला ५,००० खर्च केला, तर २ टक्क्यांनी १०० परत मिळतात, वर्षाला १,२००. दुसऱ्या वर्षापासूनचे शुल्क यातून वजा करा. मग असे धरा की एका महिन्याचे ५,००० वेळेवर भरता आले नाहीत. दरमहा ३ टक्क्यांनी त्या एका महिन्याचेच व्याज १५० होते आणि विलंब शुल्क त्याहून वेगळे. नियमित आणि पुरेशी मिळकत असलेल्या माणसाने कॅशबॅकचा विचार जरूर करावा. तुमच्या मिळकतीचे स्वरूप पाहता मी पहिला पर्याय निवडेन.

हिशेबवही

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यातला जो भाग केवळ आकड्यांत आला आहे तो मी स्वतः अनुभवला आहे, म्हणून लिहिते.

विद्यार्थिदशेत मी तुमच्या दुसऱ्या पर्यायासारखेच कार्ड घेतले होते. पहिले सात-आठ महिने सर्व सुरळीत चालले. मग एका सहामाहीत संगणक दुरुस्तीचा मोठा खर्च आला आणि बिल २०,००० च्या आसपास गेले. बिलावर दोन आकडे होते, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम भरली की विलंब शुल्क लागत नाही, खाते नियमित दिसते आणि कोणाचा फोन येत नाही. मी मनाची समजूत घातली की मी बिल भरत आहे. असे चौदा महिने चालले.

ते चौदा महिने मला कसे गेले हे सांगण्यापेक्षा हिशेब दाखवते. बाकी २०,००० आहे, व्याज दरमहा ३ टक्के आहे, किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के आहे आणि नवी खरेदी एकही केलेली नाही, असे धरा. दरमहा आधी ३ टक्के वाढतात आणि मग ५ टक्के जातात. एका वर्षात तुम्ही एकूण सुमारे ११,००० भरता, आणि वर्ष संपताना बाकी असते सुमारे १५,४००. अकरा हजार भरून देणे कमी झाले साडेचार हजारांहून थोडे अधिक. याच गतीने बाकी निम्म्यावर यायला ३२ महिने लागतात, म्हणजे पदवीचा जवळजवळ पूर्ण काळ. मला हा हिशेब कोणी आधी करून दाखवला असता, तर पहिल्याच महिन्यात मी घरी सांगून टाकले असते. सांगायला लाज वाटली, आणि त्या लाजेची किंमत मी दरमहा भरत राहिले. अमेरिकेतील २००९ च्या कायद्यानुसार तेथील प्रत्येक बिलावर केवळ किमान रक्कम भरल्यास कर्ज फिटायला किती काळ लागेल हे छापावे लागते. तुमच्या बिलावर ते छापलेले नसेल, तर पहिल्या बिलाच्या कोऱ्या जागेत स्वतः लिहून ठेवा.

आता तुमच्या कर्जाविषयीच्या प्रश्नाकडे येते. तुम्हाला जे सांगण्यात आले ते बऱ्याच अंशी खरे आहे. पतमाहिती गोळा करणाऱ्या कंपन्या आपल्या उधारीची आणि परतफेडीची नोंद ठेवतात आणि त्यावरून पतगुणांक काढला जातो. अमेरिकेत १९८९ पासून वापरात असलेला फिको गुणांक ३०० ते ८५० या दरम्यान असतो, भारतातील सिबिल गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान. फिकोने आपले ढोबळ भारांक जाहीर केलेले आहेत: वेळेवर परतफेडीला ३५ टक्के, देणे असलेल्या रकमांना ३० टक्के, इतिहासाच्या लांबीला १५ टक्के, आणि नवी उधारी व उधारीच्या प्रकारांतील विविधता यांना प्रत्येकी १० टक्के. इतरत्र पद्धत थोडीफार वेगळी असली, तरी वेळेवर परतफेड हा घटक सगळीकडेच महत्त्वाचा मानला जातो.

या भारांकांतून पहिल्या कार्डाविषयी दोन गोष्टी थेट निघतात. इतिहासाची लांबी मोजली जाते, म्हणून पहिले कार्ड असे असावे की जे दहा वर्षे जवळ ठेवायलाही काही खर्च येणार नाही; वार्षिक शुल्काचे कार्ड दोन वर्षांनी नकोसे होते आणि ते बंद केले की कालांतराने सर्वांत जुना धागा तुटू शकतो. दुसरे म्हणजे मर्यादेच्या तुलनेत किती वापर झाला हे पाहिले जाते, आणि तो ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असा सल्ला सर्रास दिला जातो. विद्यार्थ्यांच्या कार्डाची मर्यादा लहान असल्यामुळे हे अवघड जाते: २०,००० च्या मर्यादेवर १५,००० चे शुल्क एकदाच भरले, तरी वापर ७५ टक्के दिसतो. यावर उपाय सोपा आहे. बिल तयार होण्याच्या दिवशी जी बाकी असते तीच बहुधा पुढे कळवली जाते, त्यामुळे हातात पैसे असतील तर बिलाची वाट न पाहता दोन-तीन दिवस आधीच काही रक्कम भरून टाकावी.

आणखी एक गोष्ट म्हणजे तिन्ही ठिकाणी एकाच वेळी अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाच्या वेळी तुमच्या अहवालाची चौकशी होते आणि थोड्या दिवसांत अनेक चौकशा झालेल्या दिसल्या, तर त्याचा अर्थ गरज वाढली आहे असा लावला जातो.

दुसरे_वर्ष

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. दोन्ही हिशेब मी स्वतः करून पाहिले आणि ते जुळले. किमान देय रक्कम म्हणजे त्या महिन्यापुरती पुरेशी रक्कम, असाच माझाही समज होता.

ठेवीवरच्या कार्डाविषयी एक शंका उरते. ठेव बँकेकडेच असल्यामुळे एखाद्या महिन्यात मला उशीर झाला, तर बँक ठेवीतून वळती करून घेईल आणि विषय मिटेल, असे मानणे बरोबर आहे का? तसे असेल तर त्या तीन महिन्यांची काळजीच उरत नाही.

बिलिंग_विभाग

नाही, आणि हा गैरसमज मी असंख्य वेळा पाहिला आहे. ठेव बँकेच्या सुरक्षिततेसाठी असते. तुमच्या सोयीसाठी ठेवलेला तो राखीव निधी नव्हे. उशीर झाला की इतर कोणत्याही कार्डाप्रमाणेच व्याज आणि विलंब शुल्क लागते आणि थकबाकीची नोंद पतमाहिती कंपनीकडे जाते. ठेव मोडून वसुली करण्याची पायरी बऱ्याच उशिरा येते, आणि ती येईपर्यंत नोंद बिघडलेली असते. म्हणजे अखेरीस ठेवही जाते आणि ज्या इतिहासासाठी कार्ड घेतले तोही जातो.

ठेवीवरच्या कार्डाचे खरे फायदे वेगळे आहेत. मिळकतीचा पुरावा नसला तरी ते मिळते, ठेवीवर व्याज चालू राहते, आणि मर्यादा तुमच्याच बचतीइतकी असल्यामुळे ती आपोआप तुमच्या ऐपतीत राहते. अर्ज करण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारा. या कार्डाचे व्यवहार पतमाहिती कंपन्यांना नियमित कळवले जातात का? काही कार्डे दिसायला क्रेडिट कार्डासारखी असतात, पण प्रत्यक्षात आधी पैसे भरून वापरण्याची असतात. त्यांनी कोणताच इतिहास तयार होत नाही. ठेव कधी आणि कशी मोकळी करून मिळेल? आणि वर्ष-दीड वर्ष नियमित परतफेड झाल्यावर हेच खाते विनातारण, म्हणजे ठेव न ठेवता चालणाऱ्या, कार्डात बदलून मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर खाते बंद न करता इतिहास पुढे चालू राहतो, आणि माझ्या मते ती सवलत कोणत्याही कॅशबॅकहून मोलाची आहे.

त्या तीन महिन्यांसाठी उपाय कार्डाबाहेर करावा लागेल. शिकवण्या चालू असतानाच एका महिन्याच्या नेहमीच्या बिलाइतकी रक्कम बचत खात्यात बाजूला ठेवा आणि संपूर्ण देय रक्कम खात्यातून आपोआप वळती होण्याची सूचना देऊन ठेवा. ही सूचना देताना ‘किमान’ आणि ‘संपूर्ण’ असे दोन पर्याय समोर येतात. ‘संपूर्ण’ हाच निवडला आहे, याची खात्री करून घ्या.

एक_पालक

तुमच्या बाबांच्या बाजूनेही कोणीतरी लिहावे असे वाटले. माझ्या मुलाला मी पहिली दोन वर्षे पुरवणी कार्डच दिले होते आणि त्यामागचे माझे कारण विश्वास नसणे हे नव्हते. पुरवणी कार्डावरचा प्रत्येक खर्च मुख्य कार्डधारकाच्या बिलात दिसतो, बहुतेक ठिकाणी त्याची वेगळी, लहान मर्यादा ठरवता येते, आणि चूक झाली तर ती त्याच महिन्यात घरातच सापडते. हिशेबवही यांनी चौदा महिने जे एकट्याने सोसले, ते पुरवणी कार्ड असते तर पहिल्याच बिलात घरी कळले असते.

परंतु त्याची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. देणे फेडण्याची कायदेशीर जबाबदारी मुख्य कार्डधारकाची असते, आणि म्हणून त्या परतफेडीची नोंद पुरवणी कार्डधारकाच्या नावावर होईलच असे नाही. काही ठिकाणी ती होते, अनेक ठिकाणी होत नाही. माझ्या मुलाच्या बाबतीत ती झाली नाही, आणि त्याने नोकरीला लागल्यावर कर्जासाठी अर्ज केला तेव्हा दोन वर्षांच्या नियमित व्यवहारांचा त्याला काहीच उपयोग झाला नाही. उलट बाजूही लक्षात घ्या: तुमच्या हातून मोठा खर्च झाला आणि बिल थकले, तर नोंद बाबांची बिघडते.

तुमचा हेतू स्वतःचा इतिहास तयार करण्याचा आहे, म्हणून पुरवणी कार्ड तुमच्यासाठी अपुरे पडेल असे मला वाटते. तरीही बाबांना या निर्णयातून बाहेर ठेवू नका. स्वतःचे कार्ड घ्या आणि पहिले वर्षभर दर महिन्याचे बिल त्यांच्यासोबत बसून वाचा. त्यांना जी काळजी वाटते आहे तिचे समाधान त्याने होईल, आणि एखाद्या महिन्यात अडचण आलीच तर ती सांगणे तुम्हालाही सोपे जाईल.

अटी_वाचणारा

निवडीविषयी वर पुरेसे लिहिले गेले आहे. मी कार्ड हातात आल्यानंतरच्या आणि ते परत करण्याच्या नियमांविषयी लिहितो, कारण घेण्यापूर्वीच ते माहीत असलेले बरे.

न मागता मिळालेल्या उधारीच्या सोयीपासून सावध राहा. हा प्रश्न क्रेडिट कार्डाइतकाच जुना आहे: १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने सुमारे ६०,००० रहिवाशांना न मागता कार्डे टपालाने पाठवली होती, आणि अशा प्रकारे कार्डे पाठवण्यावर तेथे १९७० मध्ये कायद्याने बंदी आली. भारतात रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आणि त्याच वर्षी जुलैपासून लागू झालेल्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देण्यास मनाई आहे, आणि मिळालेले कार्ड ३० दिवसांत सुरू केले नसेल, तर ते सुरू करण्यासाठी ओटीपीद्वारे ग्राहकाची संमती घ्यावी लागते. अमेरिकेत २१ वर्षांखालील व्यक्तीला स्वतंत्रपणे परतफेडीची क्षमता किंवा सहकर्जदार दाखवल्याशिवाय कार्ड मिळत नाही, आणि महाविद्यालयाच्या आवारात भेटवस्तूंचे आमिष दाखवून अर्ज भरून घेण्यासही २००९ च्या कायद्याने मनाई आहे. तुम्ही राहता तेथे असा नियम असो वा नसो, भेटवस्तूच्या टेबलापाशी उभे राहून अर्ज कधीही भरू नका. घरी न्या, वाचा, दुसऱ्या दिवशी ठरवा. मर्यादा वाढवून देण्याचा संदेश आला, तरी हेच करा. वाढवलेली मर्यादा वापराचे प्रमाण कमी दाखवते हे खरे, पण पहिल्या वर्षी तिचा मोह जास्त आणि उपयोग कमी असतो.

कार्ड आल्याच्या दिवशीच परदेशी व्यवहार, रोख काढणे आणि स्पर्शाविना पैसे देणे या सोयी, गरज नसेल तर, बंद करून ठेवा आणि प्रत्येक व्यवहाराचा संदेश मिळेल अशी व्यवस्था करा. न केलेला व्यवहार दिसला, तर त्याच दिवशी कळवा. भारतात २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून त्रयस्थ ठिकाणी झालेली असेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ती कळवली, तर ग्राहकावर काहीही भार पडत नाही. उशीर होईल तसा भार वाढतो. डेबिट कार्डावर फसवणूक झाली की आपल्या खात्यातले पैसे आधी जातात आणि मग ते परत मिळवावे लागतात, तर क्रेडिट कार्डावर आक्षेप बिलातील नोंदीवर घेता येतो. वेळेवर कळवणाऱ्याला हा फरक मोठा दिलासा देतो.

‘शून्य व्याजाच्या’ हप्त्यांविषयी एकच सांगतो. प्रक्रिया शुल्क किती आहे, आणि एकरकमी पैसे दिले असते तर जी सूट मिळाली असती ती हप्त्यांत मिळते का, हे दोन आकडे मिळवल्याशिवाय होकार देऊ नका.

कार्ड बंद करण्याची वेळ आलीच, तर ते कापून टाकणे म्हणजे खाते बंद होणे नव्हे. सर्व बाकी भरा, बंद करण्याची विनंती लेखी करा आणि खाते बंद झाल्याचे पत्र मिळवा. वर उल्लेखिलेल्या २०२२ च्या निर्देशांनुसार, बाकी फिटलेली असेल तर भारतातील बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत खाते बंद करावे लागते आणि उशीर केल्यास प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. त्यानंतर काही आठवड्यांनी स्वतःचा पतअहवाल मागवून खाते ‘बंद’ असे नोंदले गेले आहे का ते पाहा. अनेक देशांत वर्षातून एकदा हा अहवाल विनामूल्य मिळतो. खरे तर कार्ड घेतल्यानंतर सहा महिन्यांनीही तो एकदा मागवावा, म्हणजे नाव आणि जन्मतारीख यांत चूक झालेली असल्यास वेळीच दुरुस्त करता येते.

दुसरे_वर्ष

सर्वांची उत्तरे बाबांसोबत बसून वाचली. आम्ही दोघांनी मिळून ठेवीवरचे कार्ड घेण्याचे ठरवले आहे. ठेव माझ्या स्वतःच्या बचतीतून करणार आहे आणि परीक्षा शुल्कासाठी लागणाऱ्या रकमेच्या साधारण तिप्पट मर्यादा मिळावी इतकी ती ठेवणार आहे, म्हणजे शुल्क भरले तरी वापर एकतृतीयांशाच्या आसपास राहील. तेवढी ठेव जमायला अजून दोन महिने लागतील. तोवर अर्ज करणार नाही.

बिलिंग_विभाग यांनी सुचवलेले तीन प्रश्न आज बँकेला लेखी पाठवले. व्यवहार पतमाहिती कंपन्यांना कळवले जातात, असे उत्तर आले आहे आणि बिलाची तारीख बदलून मिळेल असेही त्यांनी कळवले आहे. कार्ड पुढे विनातारण करून मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर मात्र अस्पष्ट आहे, म्हणून तो प्रश्न शाखेत प्रत्यक्ष जाऊन पुन्हा विचारणार आहे. पहिले बिल आले की व्याजाच्या आकारणीचे कलम आणि त्यातील नमुना उदाहरण मी येथे मांडेन. माझे आकलन बरोबर आहे का, हे कृपया तेव्हा पाहावे.